लोळता येणारं भूत

आमच्या स्कीममध्ये, म्हणजे फ्लॅटच्या सोसायटीत, ऑक्टोबर लागला की जुनी चादर कोणी पोछ्याला लावत नाही. ती माझ्याकडे येते. बेल वाजते, दार उघडावं तर एखादं पोट्टं उभं असतं आणि त्याच्या हातात मधून विरलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली चादर. "काकू, आईनं दिली. हिचं भूत होते का?" चादर बहुतेक वेळा फुलाफुलांची असते. फुलाफुलांचं भूत काही शोभत नाही, पण उलटी बाजू फिकी असते. ती वर घेतली की चालून जातं.

माझ्याकडे शिलाई मशीन आहे. फॉल-पिको आणि ब्लाउजची कामं मी घरूनच करते, त्यामुळे हे खातं न मागता माझ्याकडे आलं. ३१ ऑक्टोबरला पोरांनी भुताखेतांचे वेश करून दारोदार फिरायचं, या हॅलोविनची टूम आमच्या बेसा भागात पुण्या-बंगलोरहून परत आलेल्या कुटुंबांनी आणली. सुरुवातीला सगळ्यांनी पोशाख ऑनलाइन मागवले होते. चकचकीत काळे झगे, नायलॉनच्या केसांचे टोप, रबरी मुखवटे. नागपुरात ऑक्टोबरअखेर संध्याकाळची हवा जरा निवते, पण रबराच्या आतली निवत नाही. दहा मिनिटांत सगळी भुतं मुखवटे कपाळावर सरकवून, घामाघूम होऊन, लिफ्टपाशी पाणी मागत होती. पाचशे-सातशे रुपये खर्चून घेतलेलं भय असं कपाळावर चढलेलं पाहून आयांचे चेहरे मात्र खरोखर भयाण झाले होते.

पुढे हळूहळू घरीच करायची पद्धत पडली. त्यात पैसे वाचतात हे उघड आहे. शंभराच्या आत बहुतेक सगळं भागतं आणि बऱ्याचदा तेवढेही लागत नाहीत. पण मला विचाराल तर स्वस्त पोशाखाचा मोठा फायदा पैशाचा नाहीच. तो घालून लोळता येतं.

हे पटायला तान्हा पोळा पाहिलेला असावा लागतो. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे मुलांचा पोळा भरतो. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली ही रीत. लाकडी नंदी सजवायचा, दोरीने ओढत न्यायचा आणि घरोघरी फिरून बोजारा मागायचा. कोणी दहाची नोट देतं, कोणी बिस्किटाचा पुडा. इथवर सगळं झकास. पण नंदीबरोबर मुलांनाही सजवायची प्रथा आहे, आणि मग वेशभूषा स्पर्धा, माइक, परीक्षक आणि भाड्याचे पोशाख येतात.

माझ्या भाचीला एकदा झाशीची राणी केलं होतं. तलवार प्लास्टिकची, पण शेला जरीचा आणि नऊवारी शिवलेली. बसू नको, चुरगळेल. पाणी पिऊ नको, लिपस्टिक जाईल. नंदी दुसऱ्याला ओढू दे, पदर चाकात जाईल. राणीने सगळा वेळ उभ्याने काढला आणि माइकसमोर गेल्यावर पाठ केलेली दोन वाक्यं सोडून तिसरंच, "मला घरी जायचंय," हे म्हणाली. ते परीक्षकांनी मोजलं नाही. पोशाख परत करायला गेलो तर पदरावर चटणीचा नखाएवढा डाग निघाला आणि दुकानदाराने अनामतीतले दोनशे रुपये कापून घेतले.

या स्पर्धांत मुलांना नेहमी थोर व्हावं लागतं. शिवाजी महाराज, जिजाऊ, सावित्रीबाई, तुकडोजी महाराज. मला त्यात वावगं काही वाटत नाही, ही नावं पोरांच्या तोंडी असलेली बरीच. पण एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या अमरावतीकडचे गाडगेबाबा आयुष्यभर चिंध्यांचा अंगरखा घालून, हातात खराटा आणि गाडगं घेऊन फिरले. वेशभूषेत याहून स्वस्त काय असेल? घरात सापडेल ते जोडायचं. तर त्यांचाही पोशाख भाड्याने मिळतो, आणि त्याच्या चिंध्या नव्याकोऱ्या साटिनच्या असतात, इस्त्री केलेल्या.

दुसऱ्या मजल्यावरची चौथीतली पोट्टी माझ्याकडे आली तेव्हा तिने आधीच बजावलं, "काकू, मला सुंदर नाही व्हायचं." आजवर ती परी, राधा, भारतमाता हे सगळं होऊन चुकलेली. तिला घाण व्हायचं होतं. केस पिंजारलेले, दात काळे, नखं वाढलेली. आणि मुख्य म्हणजे तिला काही बोलायचं नव्हतं, नुसतं ओरडायचं होतं. त्या पोरीमुळे मला या परदेशी सणाबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

तसा हा सण जन्माने गरिबाघरचाच आहे. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये १ नोव्हेंबरच्या संतदिनाच्या आदल्या रात्री पोरं तोंडाला काजळी फासून, मोठ्यांचे जुनेपुराणे कपडे घालून दारोदार जायची. एखादं गाणं, कविता, काहीतरी करून दाखवल्याशिवाय हातावर सफरचंद पडत नसे. आपल्याकडे बहुरूपी यायचा ना, खाकी टोपी आणि काठी एवढ्यावर पोलीस होऊन घरातल्या कर्त्या माणसाला दम देणारा, तशातलाच प्रकार. दिवासुद्धा सलगम कोरून त्यात लावत. भोपळा त्यांना अमेरिकेत गेल्यावर मिळाला. विकतचं प्रकरण नंतरचं. १९०९ मध्ये डेनिसन नावाच्या अमेरिकन कंपनीने हॅलोविनच्या सजावटीची पुस्तिका काढली आणि पुढच्या पुस्तिकांतून क्रेप कागदाचे पोशाख घरी कसे करावेत हे चित्रांसकट शिकवलं. अर्थात क्रेप कागद त्यांचाच होता. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कची बेन कूपर कंपनी तयार पोशाख डब्यात घालून विकू लागली: इलॅस्टिकचा पातळ मुखवटा आणि पुढे झबल्यासारखा झगा. त्या झग्यांच्या छातीवर बहुधा पात्राचं चित्र आणि नाव छापलेलं असायचं. आपण कोण आहोत हे भुताला छातीवर लिहून सांगावं लागत असेल तर त्याने घरीच बसावं, असं माझं मत आहे.

आणि नागपूरकरांना कुरूपतेचं वावडं असायचं कारण काय? तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी आमच्याकडे मारबती, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून, असं सांगतात. बांबूचा सांगाडा, कागद, कापड, रंग, बस. सोबत बडगे असतात. गल्लीतली पोरं पोती, चिंध्या, पुठ्ठे जमवून ते उभे करतात आणि महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याची पाटी त्यांच्या गळ्यात अडकवतात. इतवारी-महालातल्या त्या गर्दीत "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा आरडाओरडा चालतो आणि शेवटी सगळं जाळून टाकतात. जाळायचंच असल्यामुळे डाग पडेल, चुरगळेल ही भानगडच नाही. फरक एवढाच की तिथे वाईट बनतो तो पुतळा. पोरं बापाच्या खांद्यावर बसून पाहतात. स्वतः ईडा-पीडा होऊन चार घरी फिरायची सोय त्यांना आम्ही कधी ठेवली नाही.

आता कामाचं सांगते, कारण चादरीला दोन भोकं पाडली की भूत झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी ते भूत जिना उतरताना पाहिलेलं नसतं. चादर डोक्यावरून सरकते, भोकं कानावर जातात आणि आंधळं भूत धडपडतं. उपाय सोपा आहे. एक जुनी कॉटनची टोपी घ्यायची, समोरची झडप कापून टाकायची आणि चादरीचा मध्य आतून टोपीला चार-पाच ठिकाणी टाचून टाकायचा. आता टोपी डोक्यावर घट्ट बसली की चादर जागची हलत नाही. मग ती पोराच्या अंगावर घालून, खडूने डोळ्यांची खूण करून, काढून कापायची. अंगावर असताना कात्री चालवायची नाही. भोक मनात येईल त्याहून लहान कापायचं, कापड आपोआप पसरतं. सिंगल चादर साधारण ६० बाय ९० इंचाची असते. लांबी पुढे-मागे सोडली की चार फुटी पोराला घोट्याच्या वर बरोबर येते आणि बाजूंनी ३० इंचच पडत असल्यामुळे हात मोकळे राहतात. हात मोकळे हवेतच, चॉकलेटं कशाने घेणार?

ममीला बँडेज गुंडाळू नका म्हणून मी सांगते, तरी दरवर्षी कोणीतरी मेडिकलमधून बँडेजचे रोल आणून पोराला गुंडाळतंच. ते पहिल्या मजल्यावर सुटायला लागतं. आणि पोराला शू लागली तर? एवढा इजिप्तचा राजा, पण बाथरूमच्या दारात रडत उभा. मी जुनं पांढरं धोतर घेते. सुती कापड कापायचं नाही, काठाला छोटी चीर देऊन फाडायचं. ते धाग्याच्या रेघेत सरळ फाटतं आणि कडेला दशा सुटतात त्या आयत्याच शोभून दिसतात. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडून उकळून टाकलेली चहापत्ती आणायची, पाण्यात पुन्हा उकळायची, थोडी तुरटी घालायची आणि त्यात पट्ट्या बुडवून ठेवायच्या. रंग असा जुनाट, मळकट येतो की विकतच्या पोशाखाला तो साधत नाही. मग त्या पट्ट्या एका जुन्या टी-शर्टवर आणि पायजम्यावर आडव्यातिडव्या टाचायच्या, काही टोकं लोंबती ठेवायची. पायजमा आहे, खाली ओढता येतो.

बुजगावणं मात्र माझं लाडकं. त्यांच्याकडेही हॅलोविनला बुजगावणी असतातच, कारण सण सुगीनंतरचा. आपल्याकडेही तेव्हा धान कापणीला आलेलं असतं, कापूस वेचायला आलेला असतो. किराणावाल्याकडून बारदाना आणला, गळा आणि बाह्या कापल्या. आत सुती बनियन हवंच, नाहीतर तागाने पोर खाजवून खाजवून हैराण होतं. मी असं एक शिवत असताना तिसऱ्या मजल्यावरचे काका काहीतरी कुरिअर द्यायला आले. हे काका स्कीमच्या ग्रुपवर दरवर्षी "आपले सण संपले का?" असा मेसेज टाकणारे. दारातच थांबले.

"काऊन वहिनी, हे काय बनवून रायल्या?"

"बुजगावणं."

"असं?" आत आले. उचलून पाहिलं. "बुजगावण्याले मान असते का कधी? खांद्यावर थेट डोकं येते. आन् हात असे लोंबत नसतात, आडवा दांडा लागते."

काका मौद्याकडचे, घरची धानाची शेती. नोकरीसाठी नागपुरात आले आणि इथलेच झाले. त्या दिवशी ते बराच वेळ बसले. बाहीतून दांडा घातला तर पोराला हात खाली करता येणार नाही हे मी सांगितल्यावर त्यांनीच तोड काढली: दांडा पाठीवर, खांद्याच्या रेषेत बांधायचा, रिकाम्या बाह्या त्याच्यावर आणि पोराचे खरे हात पोत्याच्या आतून पोटाशी काढायचे. दुसऱ्या दिवशी गावाकडून कोणीतरी येणार होतं त्याच्याबरोबर त्यांनी ताजं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मागवलं. बाह्यांच्या टोकाला ते खोचून सुतळीने आवळलं, तर चार फुटी पोट्टं एकदम सहा फूट रुंद दिसायला लागलं. लिफ्टमध्ये मावेना. ग्रुपवरचा मेसेज त्या वर्षीही आला म्हणा, पण आपलं बुजगावणं कोणत्या मजल्यावर पोचलं हे विचारत काका खाली-वर करत होते.

आता त्या चौथीतल्या पोरीकडे येते. तिला चेटकीण व्हायचं होतं, झाडू आणि टोकदार टोपीवाली. मी म्हटलं, टोपीला पुठ्ठा लागेल, तो आहे, पण तुला हडळ व्हायचंय का? हडळीचे पाय उलटे असतात. तिचे डोळे असे चमकले की आता माघार नव्हती. खूप विचार केला आणि मग सुचलं. तिच्या शाळेच्या जुन्या बुटांच्या टाचेमागे, बोटं मागच्या बाजूला येतील असे, चिंध्या भरलेले दोन मोजे टाचले. चिंध्या ठासून भरायच्या नाहीत, दोरा ओढून बोटांचे खळगे पाडायचे. वर काळ्या रेघेने नखं. बुटांची खरी टोकं झाकायला माझ्या जुन्या परकराचा घेर पुढून जमिनीपर्यंत आणि मागून वीतभर आखूड. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली तेव्हा पाय माझ्याकडे आणि तोंड तिकडे! मला स्वतःला शिवलेलं माहीत असूनही क्षणभर कसंसंच झालं. खर्च शून्य. जिन्याने मात्र तिला हात धरून नेलं, मागचे मोजे पायरीला अडकतात.

रंगरंगोटीत जपावं लागतं. पोस्टर कलर तोंडाला नको, कुंकूही नको, हल्लीच्या कुंकवाने कातडी भाजल्यासारखी होते. तांदळाची पिठी आणि टाल्कम पावडर यांनी चेहरा पांढरा, डोळ्यांखाली घरचं काजळ बोटाने पसरवून खोल खळगे. रक्त बिटाच्या रसात थोडा कॉर्नफ्लोअर शिजवून. साखरेच्या पाकाचं रक्त दिसतं जास्त छान, पण त्याला मुंग्या लागतात आणि मग भूत खरंच किंचाळतं.

दुसरी भीती आगीची, आणि ती खेळातली नाही. क्रेप कागद बघता बघता पेटतो. १९४०च्या दशकात अमेरिकेत केसाळ रेयॉनच्या काउबॉय पोशाखांनी पेट घेऊन मुलं भाजली होती. १९५३ मध्ये तिथे ज्वलनशील कापडांवर कायदा झाला. आपल्याकडे हा सण दिवाळीच्या आगेमागे येतो. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशीच होती, दारोदारी पणत्या आणि खाली फटाके. विकतचं कोळ्याचं जाळं पॉलिएस्टरचं असतं, ते वितळून अंगाला चिकटतं. आमच्या या कापसाच्या मुलखात घरचा कापूस पिंजून केलेलं जाळं झकास दिसतं, पण ते कागदाहून लवकर पेटतं. म्हणून जाळं फक्त भिंतीवर, अंगावर नाही. त्या वर्षी आम्ही भुतांना दुपारी चारला फिरवलं. ढळढळीत उन्हात भुतं. कोणी घाबरलं नाही, पण बोजारा भरपूर मिळाला. हो, पोरं बोजाराच म्हणतात. "ट्रिक ऑर ट्रीट" ही इंग्रजी घोषणा त्यांना दोन वर्षं शिकवून पाहिली कोणीतरी, ती टिकली नाही.

आणि मग आमच्याकडे एक चकवा आला. सातवीतला, हाडकुळा, कशातच भाग न घेणारा पोरगा. आई त्याला माझ्याकडे घेऊन आली, याचं काहीतरी करून द्या म्हणून. तो म्हणाला, मी चकवा होतो. रानात माणसाची वाट चुकवतो, फिरवून फिरवून परत तिथेच आणून सोडतो, तो. आजीनं सांगितलेला. मी माप घ्यायला टेप काढला आणि विचारलं, कसा दिसतो रे तो? "काकू, तो दिसतच नाही ना." टेप गुंडाळून ठेवला.

त्या संध्याकाळी तो शाळेच्याच टी-शर्टवर खाली लिफ्टपाशी उभा होता. येणाऱ्या भुतांच्या टोळ्यांना अगदी सरळ चेहऱ्याने सांगायचा की चौथ्या मजल्यावर आईस्क्रीम वाटून राहिले. टोळी वर गेली की हा खालच्या घरांमधून आरामात बोजारा गोळा करायचा. बुजगावणं लिफ्टमध्ये मावत नसल्यामुळे जिन्याने चौथ्यापर्यंत चढून गेलं आणि तिथून जे ओरडलं ते पार्किंगपर्यंत ऐकू आलं. हडळ त्याला शोधत उलट्या पायांनी सगळी स्कीम फिरली. शेवटी मीच त्याला गाठलं आणि म्हटलं, पुरे झालं आता, सगळी पोरं कुठे गेलीत ते सांग.

"गच्चीवर आहेत काकू," तो म्हणाला. "तुम्हालाच बोलवून रायले."

लिफ्ट तेव्हा नेमकी बंद पडली होती. गेले की मी चढून, गुडघे धरत, पाच मजले. गच्चीवर टाकीशिवाय कोणी नव्हतं.